आपोआप सुरू होणाऱ्या सेवा

वीज जाऊन परत आली म्हणजे घरांतले दिवे लागतात, पंखा फिरूं लागतो, आणि त्याबद्दल कोणाला फारसा विचार करावा लागत नाहीं. दिव्याला लागण्याखेरीज दुसरें काम नसतें. परंतु एखाद्या ग्रंथालयाच्या किंवा दवाखान्याच्या मागल्या खोलींत जो संगणक रात्रंदिवस चालत असतो, आणि ज्याला सर्व्हर असें म्हणतात, त्याची गोष्ट निराळी आहे. वीज परत आली म्हणजे त्याच्या पोटांत कित्येक निरनिराळीं कामें क्रमानें उभीं राहावीं लागतात. रोग्यांच्या नोंदींचें दप्तर उघडावें लागतें. त्या नोंदी डॉक्टरांच्या पडद्यापर्यंत नेणारा मार्ग मोकळा व्हावा लागतो. घड्याळ बरोबर लावून घ्यावें लागतें. सकाळीं पहिला रोगी खिडकीशीं येतो तेव्हां त्याचा कागद सांपडतो कीं नाहीं, हें रात्रींच्या त्या एकदोन मिनिटांवर अवलंबून असतें. त्या मिनिटांत तेथें माणूस नसतो. काय उठावें आणि काय निजून राहावें हें पूर्वींच कोणीतरी ठरवून ठेवलेलें असतें. पुष्कळदां तर तें जाणूनबुजून कोणीच ठरविलेलें नसतें, आणि तरीही तें ठरलेलें असतें. आपोआप सुरू होणाऱ्या सेवांचा कारभार म्हणजे या ठरविण्याचाच कारभार होय.

सर्व्हरवर पडद्याआड राहून चालणाऱ्या या कामांना ‘सेवा’ असें नांव आहे. जगांतील फार मोठ्या संख्येचे सर्व्हर लिनक्स या कार्यप्रणालीवर चालतात. फिनलंडमधील लिनस टॉरव्हॉल्ड्स या विद्यार्थ्यानें १९९१ सालीं तिचा गाभा लिहिला व पुढें अनेक देशांतील लेखकांनीं तो वाढविला. पडद्याआडच्या सेवकाची कल्पना मात्र त्याहून बरीच जुनी आहे. अमेरिकेंतील एमआयटी या संस्थेच्या प्रोजेक्ट मॅक या उपक्रमांत १९६३ सालच्या सुमारास अशा आज्ञावलीला ‘डेमन’ म्हणूं लागले. पदार्थविज्ञानवेत्ता मॅक्सवेल यानें आपल्या एका विचारप्रयोगांत दारापाशीं बसून रेणु निवडणारा एक अदृश्य द्वारपाल कल्पिला होता, त्याच्यावरून हें नांव पडलें. आजही लिनक्सवरील पुष्कळ सेवांच्या नांवाच्या अखेरीस ‘डी’ हें अक्षर असतें, तें या डेमनचेंच. दुरून सुरक्षित प्रवेश देणारी एसएसएचडी व वेबवरील पानें पुरविणारी एचटीटीपीडी हीं त्याचीं नेहमींचीं उदाहरणें होत.

संगणक चालू झाला म्हणजे प्रथम लिनक्सचा गाभा स्मृतींत येतो, यंत्राचे अवयव ओळखून घेतो, आणि मग एकच प्रक्रिया सुरू करून देतो. हिचा क्रमांक १. पुढचें सर्व कुटुंब या एका मूळ पुरुषापासून वाढतें. कोणत्या सेवा सुरू करावयाच्या, कोणत्या क्रमानें, एखादी पडली तर काय करावयाचें, हें सर्व ही पहिली प्रक्रिया पाहते. अर्थात् तिच्या हातीं जी यादी दिली असेल तिच्याप्रमाणेंच ती वागते. स्वतःच्या मनानें ती कांहीं ठरवीत नाहीं.

ही यादी लिहिण्याची पूर्वींची पद्धत मोठी साधी होती. एटी अँड टी कंपनीच्या ‘सिस्टिम फाइव्ह’ या यूनिक्स प्रणालीवरून ती लिनक्सनें घेतली. यंत्राच्या प्रत्येक अवस्थेसाठीं एकेक कप्पा असे, आणि त्या कप्प्यांत सेवांचीं नांवें दुव्यांच्या रूपानें ठेवलेलीं असत. नांवाच्या आरंभीं ‘एस’ असला तर सेवा सुरू करावयाची, ‘के’ असला तर बंद करावयाची. अक्षरापुढें दोन आंकडे असत व लहान आंकड्याची पाळी अगोदर येई. जाळ्याच्या जोडणीला १० हा क्रमांक आणि वेबच्या सेवेला ८५ हा क्रमांक, असें रेड हॅटच्या जुन्या आवृत्त्यांत दिसे. म्हणजे जाळें आधीं, पानें मागाहून. ही रांग डोळ्यांनीं पाहतां येई, हा तिचा गुण. पुढची सेवा अडखळली म्हणजे मागच्या सर्वांनीं तिष्ठत उभें राहावें, हा तिचा दोष.

हा दोष घालविण्याचे प्रयत्न झाले. उबुंटूच्या मंडळींनीं २००६ सालीं ‘अपस्टार्ट’ आणलें. त्यानंतर २०१० सालीं लेनार्ट पोटरिंग व के सीव्हर्स यांनीं ‘सिस्टिमडी’ पुढें मांडलें. ज्या सेवांना एकमेकींची वाट पाहण्याचें कारण नाहीं त्या एकाच वेळीं सुरू कराव्यात, हें तिचें मुख्य सूत्र. फेडोरानें २०११ सालीं व रेड हॅटनें आपल्या व्यावसायिक आवृत्तींत २०१४ सालीं तिचा स्वीकार केला. डेबियनमध्यें या प्रश्नावर कडाक्याचा वाद झाला आणि फेब्रुवारी २०१४ मध्यें तेथील तांत्रिक समितीनें अध्यक्षांच्या निर्णायक मतानें सिस्टिमडीची निवड केली. एकाच आज्ञावलीच्या हातीं एवढी सत्ता जावी हें ज्यांना पसंत नव्हतें त्यांच्यापैकीं कांहींनीं त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत ‘डेव्हुआन’ हा निराळा संसार थाटण्याचें जाहीर केलें. यंत्र कसें जागें व्हावें या प्रश्नावरून घरें वेगळीं व्हावींत, यावरूनच या विषयाचें महत्त्व ध्यानांत येईल.

आतां प्रत्यक्ष व्यवहाराकडे वळावयाचें. सिस्टिमडीच्या भाषेंत कारभाऱ्याच्या हातीं मुख्यतः पांच आज्ञा असतात. ‘स्टार्ट’ म्हणजे आत्तां सुरू कर. ‘स्टॉप’ म्हणजे आत्तां थांब. ‘एनेबल’ म्हणजे यापुढें यंत्र जागें होईल तेव्हां सुरू होत जा. ‘डिसेबल’ म्हणजे यापुढें तशी सुरू होऊं नकोस. आणि ‘मास्क’ म्हणजे कोणीही बोलाविलें तरी उठूं नकोस. यांतील पहिल्या दोन आज्ञा वर्तमानकाळाच्या आहेत, पुढल्या दोन भविष्यकाळाच्या आहेत, आणि या दोन काळांचा एकमेकांशीं आपोआप संबंध येत नाहीं. ‘एनेबल’ केल्यानें सेवा त्या क्षणीं सुरू होत नाहीं. तिच्या नांवाचा एक दुवा ठरलेल्या कप्प्यांत पडतो इतकेंच. ‘डिसेबल’ केल्यानें चाललेली सेवा थांबत नाहीं. तो दुवा तेवढा निघतो. दोन्ही हवें असेल तर तसें स्पष्ट सांगावें लागतें, आणि त्यासाठीं ‘नाऊ’ ही पुस्ती आज्ञेला जोडण्याची सोय आहे.

हा भेद ऐकावयास क्षुल्लक वाटतो, पण नित्याच्या अनर्थांपैकीं पुष्कळांचें मूळ त्यांतच असतें. नवी सेवा बसविणारा माणूस घाईंत असतो. तो ‘स्टार्ट’ म्हणतो, सेवा चालूं लागते, लोक कामाला लागतात, आणि सर्वांना वाटतें कीं काम पुरें झालें. लिनक्सचें यंत्र वर्षवर्ष न थांबतां चालूं शकतें, हा त्याचा लौकिक येथें घातक ठरतो. बसविणारा नोकरी सोडून जातो, त्याच्या जागीं दुसरा येतो, आणि मग दीड वर्षानें एके रात्रीं यंत्र बंद पडून पुन्हां सुरू होतें. ती सेवा तेवढी उठत नाहीं, कारण उठण्याची आज्ञा तिला कोणी केलेलीच नव्हती. बिघाड त्या रात्रीं दिसला. घडला तो दीड वर्षापूर्वीं. नवा माणूस तारा तपासतो, डिस्क तपासतो, आणि खरें कारण एका न दिलेल्या आज्ञेंत असतें.

उठण्याची आज्ञा आहे, पण क्रम चुकला, असेंही होतें. येथें दोन गोष्टी निरनिराळ्या ओळखाव्या लागतात. एका सेवेला दुसरीची गरज असणें ही एक गोष्ट. दुसरी उठल्यानंतरच पहिलीनें उठणें ही दुसरी गोष्ट. लग्नाला भटजी पाहिजेत हें सांगितलें, पण ते मुहूर्तापूर्वीं आले पाहिजेत हें सांगितलें नाहीं, तर भटजी येतीलही आणि मुहूर्तही टळेल. सिस्टिमडीमध्यें ‘रिक्वायर्स’ व ‘वॉण्ट्स’ या शब्दांनीं गरज सांगतात आणि ‘आफ्टर’ या शब्दानें क्रम सांगतात. नुसती गरज सांगितली तर दोन्ही सेवा एकदमच निघतात, आणि दप्तराची सेवा अजून डोळे चोळीत असतां तिच्या दारावर वेबची सेवा येऊन धडकते. जाळ्याच्या बाबतींतही असाच एक चकवा आहे. ‘नेटवर्क’ नांवाचा टप्पा गांठला म्हणजे जाळें जोडलें गेलें असें नवशिक्यास वाटतें. त्याचा अर्थ जाळ्याची व्यवस्था पाहणारा कारभारी कामावर आला एवढाच असतो. पत्ता मिळाला, मार्ग खुला झाला, हें पाहिजे असेल तर ‘नेटवर्क-ऑनलाइन’ या निराळ्या टप्प्याची वाट पाहावी लागते.

पडलेली सेवा पुन्हां उभी करण्याचें कामही पहिल्या प्रक्रियेकडे सोंपवितां येतें. पण तिच्या सहनशीलतेला सीमा आहे. निराळें सांगितलें नसेल तर दहा सेकंदांत पांच वेळां सुरू करून पाहिल्यावर ती नाद सोडते आणि तशी नोंद करून ठेवते. तीच गोष्ट डिस्कची. एखादी जोडडिस्क काढून घेतली आणि तिचें नांव यादींत तसेंच राहिलें, तर पुढच्या वेळीं यंत्र दीड मिनिट तिची वाट पाहतें आणि मग आणीबाणीच्या अवस्थेंत जाऊन कुलुपबंद खोलींत कोणाच्या तरी हुकुमाची वाट पाहत बसतें. ही डिस्क नसली तरी चालेल, असा एक शब्द यादींत असता तर हें टळलें असतें.

येथवर उठावयास पाहिजे असून न उठणाऱ्या सेवांचा विचार झाला. उठावयास नको असून उठणाऱ्या सेवांचा प्रश्न याहून गंभीर आहे, कारण पहिला दोष सकाळीं तक्रार होऊन उघडकीस येतो. दुसऱ्याची कोणी तक्रार करीत नाहीं. बाहेरच्या जगाशीं बोलणारी प्रत्येक सेवा म्हणजे भिंतींत पाडलेलें एक दार असतें. ज्या दाराचा घरांतील कोणी उपयोग करीत नाहीं, त्याची कडी मोडली आहे कीं काय हें पाहावयासही कोणी जात नाहीं.

इतिहासांत याचे दाखले आहेत. लिनक्सचा जन्म होण्यापूर्वींची गोष्ट. २ नोव्हेंबर १९८८ रोजीं अमेरिकेंतील रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्यानें सोडलेला एक संगणकी किडा यूनिक्सच्या यंत्रांतून पसरत गेला. ज्या दारांतून तो शिरला त्यांपैकीं एक होतें ‘फिंगर’ ही सेवा. यंत्रावर कोण काम करीत आहे एवढें विचारणाऱ्यास सांगणें हें तिचें निरुपद्रवी काम. सुमारें ६,००० यंत्रांना त्याची बाधा झाली असा त्या वेळचा अंदाज होता. पुढें जानेवारी २००१ मध्यें रेड हॅट लिनक्सच्या ६.२ व ७.० या आवृत्त्यांवर ‘रामेन’ नांवाचा किडा आला. फाइलींची नेआण, फाइलींची वांटणी आणि छपाई अशीं कामें करणाऱ्या तीन सेवांतील दोष त्यानें हेरले होते. वेबच्या मुखपृष्ठावर तो नूडल्सच्या स्तुतीचें पान चिकटवी. विशेष हें कीं, आंत शिरल्यावर ज्या वाटेनें आला ती वाट तो स्वतःच बुजवून टाकी. मालकानें करावयाचें काम चोरानें करावें, याहून मोठा उपहास कोणता?

आणि हें सर्व जुनें झालें असेंही नाहीं. २६ सप्टेंबर २०२४ रोजीं सिमोने मार्गारितेल्ली या इटालियन संशोधकानें छपाईच्या ‘कप्स’ या व्यवस्थेंतील दोष जाहीर केले. जाळ्यावरील छपाईयंत्रें आपण होऊन शोधणारी एक सेवा ६३१ क्रमांकाच्या दारावर कान देऊन बसे आणि कोणीही ‘येथें छपाईयंत्र आहे’ असें सांगितलें कीं त्यावर विश्वास ठेवी. त्या खोट्या यंत्राकडे पुढें कोणी कागद छापावयास पाठविला म्हणजे शत्रूची आज्ञा सर्व्हरवर चाले. ध्यानांत घेण्याजोगी गोष्ट अशी कीं, रेड हॅटच्या व्यावसायिक आवृत्तींत हीच आज्ञावली, हाच दोष होता. परंतु ती सेवा तेथें मुळांत आपोआप सुरू होत नसल्यामुळें, मुद्दाम कोणी सुरू केली नसेल तर यंत्र सुरक्षित राहिलें. दोष तोच, एका दुव्याच्या असण्यानसण्यानें परिणाम निराळा.

मग नवी सेवा बसतांच ती आपोआप सुरू व्हावी कीं न व्हावी? यावर जाणत्यांचे दोन पंथ आहेत. डेबियनच्या घराण्यांत सामान्यतः सेवा बसतांक्षणीं सुरू होते आणि पुढेंही उठत राहते. ज्यानें बसविली त्याला ती हवीच असणार, असा त्यामागील विचार. फेडोरा व रेड हॅट यांच्या घराण्यांत कांहीं ठराविक सेवा वगळल्यास नवी सेवा निजलेलीच राहते. तिची तजवीज नीट करून मगच तिला उठवावें, असा तेथील विचार. दोन्ही विचारांत तथ्य आहे. धोका आहे तो एका घरची रीत दुसऱ्या घरीं आहे असें गृहीत धरणाऱ्याला.

म्हणून शहाणा कारभारी गृहीत धरण्याऐवजीं विचारतो. पहिला प्रश्न, उठण्याची आज्ञा कोणाकोणाला आहे. सिस्टिमसीटीएल ही आज्ञावली ती यादी देते. दुसरा प्रश्न, या घटकेला कोण कोण चालत आहे. तिसरा प्रश्न, त्यांपैकीं बाहेरच्या दारावर कोण बसलें आहे. यासाठीं ‘एसएस’ नांवाचें लहानसें साधन पुरतें. या तीन याद्या शेजारीं ठेवल्या म्हणजे पुष्कळ उलगडा होतो. जी चालते पण पहिल्या यादींत नाहीं, ती उद्यां उठणार नाहीं, किंवा दुसऱ्या कोणीतरी तिला उठविलें आहे. कारण कांहीं सेवा स्वतः निजून राहतात आणि त्यांचें दार तेवढें पहिली प्रक्रिया राखते. दारावर थाप पडली कीं ती आंतल्या सेवेला हांक मारते. अशा सेवेला नुसतें ‘थांब’ म्हटलें तर पुढच्या थापेला ती पुन्हां उठते. तिचें दारही बंद करावें लागतें, किंवा तिला ‘मास्क’ करावें लागतें.

प्रत्येक नांवापुढें मग तीन उत्तरें लिहावींत: ही सेवा कोणासाठीं आहे, ती न उठल्यास कोणाचें काम अडेल, आणि ती उठावी असें कोणी व केव्हां ठरविलें. ज्या नांवापुढें उत्तर लिहितां येत नाहीं, तें लागलींच खोडूं नये. उत्साहाच्या भरांत एसएसएचडी बंद करून स्वतःलाच सर्व्हरबाहेर कोंडून घेणारे कारभारी थोडे नाहींत. प्रथम तिच्यावर आणखी कोण अवलंबून आहे तें पाहावें, मग थांबवावी, कांहीं दिवस वाट पाहावी, आणि कोणाचें अडलें नाहीं असें दिसल्यावर तिचा दुवा काढावा.

या सर्वांची खरी परीक्षा एकच आहे. दिवसाढवळ्या, लोकांना आगाऊ सांगून, जाणतीं माणसें जवळ असतां सर्व्हर मुद्दाम बंद करून पुन्हां सुरू करावा आणि कोणास हात लावूं न देतां काय काय उठतें तें पाहावें. पुष्कळ कचेऱ्यांत याची भीति वाटते. चाललेलें यंत्र कशाला थांबवावें, असें म्हणतात. परंतु ज्या यंत्राला थांबविण्याची भीति वाटते त्याच्या सुरू होण्यावर कोणाचा विश्वास नाहीं, असाच त्याचा अर्थ होतो. थांबण्याची वेळ कधींतरी यावयाचीच. ती मालकानें निवडलेली दुपार असावी कीं विजेनें निवडलेली मध्यरात्र, एवढाच प्रश्न शिल्लक राहतो.

‘आपोआप’ या शब्दानें माणसाची जबाबदारी संपते असा एक समज आहे. वास्तविक प्रत्येक आपोआप उठणाऱ्या सेवेमागें कोणातरी माणसाचा निर्णय असतो: तो स्वतः कारभाऱ्याचा असेल, त्याच्या पूर्वाधिकाऱ्याचा असेल, किंवा दूरदेशीं बसून ती आज्ञावली बांधणाऱ्याचा असेल. माणूस तो निर्णय विसरतो. यंत्र मात्र दर वेळीं जागें होतांना तो इमानानें पाळतें. तेव्हां वर्षांतून निदान एकदोनदां ती यादी उघडून, प्रत्येक निर्णय अद्यापि आपला आहे कीं नाहीं हें पाहणें, एवढें काम माणसाकडे राहतें. तें फार मोठें नाहीं. यादी क्वचितच दोनतीन पानांपलीकडे जाते, आणि एका दुपारीं ती वाचून संपते.